साठ दिवस कुठून आणायचे? प्रादेशिक सेनेतल्या अधिकारीपदाचा हिशेब

भाचा रविवारी घरी आला तो चपला काढायच्या आधीच फोन माझ्या तोंडासमोर धरून. "मामा, हे बघ ना. ह्याचा अर्थ काय?" प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, अधिकारी भरतीची एक जुनी जाहिरात होती आणि त्यातल्या एका अटीपाशी त्याचं घोडं अडलं होतं. उमेदवार 'गेनफुली एम्प्लॉइड', म्हणजे कमावता, हवा. पोरगा अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पगार चांगला आहे. त्याला वाटत होतं, नोकरी आहे असं सांगितलं तर लष्कर म्हणेल, मग इथे कशाला आलास?

उलटं आहे. नोकरीधंदा नसता तर त्याला फॉर्मच भरता आला नसता.

टीएबद्दलचे (सगळे तिला टीएच म्हणतात, मीही तेच म्हणतो) निम्मे गैरसमज ह्या एका अटीपाशी सुटतात. टीए ही नोकरी नाही. नोकरी, धंदा, वकिली, दवाखाना, शेती असं पोटापाण्याचं काहीतरी आधीपासून चालू असलेल्या माणसाने त्यातून वेळ काढून करायची ती लष्करी सेवा आहे. वर्षातले दोन महिने युनिटमध्ये गणवेशात, उरलेले दहा महिने आपापल्या टेबलावर. सरकारचा हिशेब सरळ आहे. शांततेच्या काळात सगळ्यांना बारमाही पगारावर ठेवायचं नाही, पण वेळ आली तर शिकूनसवरून तयार असलेली माणसं हाताशी हवीत. वेळ निघून गेली की ही माणसं घरी परतणार, तेव्हा त्यांच्या घरची चूल आधीपासून पेटती असलेली बरी. म्हणून ती अट. आणि ती तोंडी सांगून भागत नाही. नोकरदाराला ऑफिसचं प्रमाणपत्र लागतं, सरकारी कर्मचाऱ्याला खात्याचं ना-हरकत पत्र, आणि स्वतःचा धंदा असेल तर धंद्याचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न लिहिलेलं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, सोबत पॅन कार्ड.

बाकीच्या अटी दोन ओळींत संपतात. भारतीय नागरिक, कुठल्याही शाखेची पदवी, शरीर धडधाकट, वय १८ ते ४२. सैन्यदलांत, पोलिसांत किंवा निमलष्करी दलात नोकरीला असलेल्यांना ह्या वाटेने येता येत नाही. एनसीसी केलेलं असलंच पाहिजे असं नाही.

त्या ४२ च्या आकड्यावर मात्र जरा थांबायला हवं. नेहमीच्या सैन्यात अधिकारी व्हायचं तर पंचविशीच्या आसपास बहुतेक दारं बंद होतात. त्या वयात मुंबईतला मुलगा कॅम्पस इंटरव्ह्यू देत असतो, नाहीतर सीएच्या ग्रुपमध्ये अडकलेला असतो. मग तिशी उलटते, घराचे हप्ते सुरू होतात, आणि एका २६ जानेवारीला टीव्हीवर संचलन बघताना पोटात काहीतरी हलतं. टीएचं दार अशा माणसांसाठी उघडं असतं. मी स्वतः त्यातलाच. माझं काय झालं ते पुढे सांगतो.

होमगार्ड नव्हे, आणि धोनीसारखंही नव्हे

आमच्या सोसायटीत टीए म्हटलं की निम्मे लोक होमगार्ड समजतात. त्यात त्यांची फार चूक नाही, कारण होमगार्डचा जन्मच मुंबईतला. ६ डिसेंबर १९४६ ला मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने हे दल इथे उभं राहिलं. पण होमगार्ड राज्याचे, काम पोलिसांच्या हाताखालचं. टीए हा भारतीय लष्कराचाच भाग आहे. इंग्रजांनी १९२० साली कायदा करून इंडियन टेरिटोरियल फोर्स काढली होती. त्यात युरोपियन आणि अँग्लो इंडियनांसाठी ऑक्झिलरी फोर्स वेगळी आणि हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल वेगळी, असा नेहमीचा सोवळंओवळं प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा टेरिटोरियल आर्मी कायदा आला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते आजच्या टीएचं उद्घाटन झालं. ब्रीद 'सावधानी व शूरता'. आधी सावधानी, मग शूरता; हा क्रम मला आवडतो.

दुसरा गोंधळ नामवंतांमुळे होतो. महेंद्रसिंग धोनी टीएत लेफ्टनंट कर्नल आहे, कपिल देव आहे, मोहनलाल आहे, २०२५ मध्ये नीरज चोप्राही झाला. आमच्या पिढीत तर नाना पाटेकरांचं नाव निघाल्याशिवाय हा विषय संपत नाही. हे दर्जे मानद आहेत. म्हणजे खोटे नव्हेत, धोनीने तर २०१९ मध्ये काश्मीरमध्ये आपल्या १०६ टीए बटालियनबरोबर पंधरवडा काढला. पण त्यासाठी लेखी परीक्षा आणि एसएसबी (म्हणजे सैन्याचं निवड मंडळ) ह्या वाटेने जावं लागत नाही. (सचिन तेंडुलकर ह्यात मोजू नका. तो हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन आहे.) याउलट सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर हे राजकारणात असताना परीक्षा देऊन, निवड मंडळासमोर जाऊन टीएत अधिकारी झाले. तुमची आमची वाट ही दुसरी.

तिसरा गोंधळ जवान आणि अधिकारी यांतला. टीएत जवानही असतात. त्यांची भरती मेळाव्यात होते, मैदानात धावून, छाती मोजून. अधिकाऱ्याला 'कमिशन' मिळतं, म्हणजे राष्ट्रपतींच्या नावाने दिलेलं अधिकारपत्र. त्या कागदाने एरवी बँकेत कर्जाच्या फायली तपासणारा माणूस लेफ्टनंट होतो आणि सैन्यात वर्षानुवर्षं काढलेला सुभेदार त्याला 'साहब' म्हणून सॅल्यूट ठोकतो. आमच्या ऑफिसात एक टीएवाले साहेब होते. ते म्हणायचे, पहिल्या कॅम्पमध्ये बंदुकीची भीती वाटली नाही, त्या सॅल्यूटची वाटली.

काम काय असतं

सरकारी भाषेत काम असं: नेहमीच्या सैन्याला पहाऱ्यासारख्या एका जागी बसवून ठेवणाऱ्या कामांतून मोकळं करायचं, नैसर्गिक आपत्तीत प्रशासनाला हात द्यायचा, अत्यावश्यक सेवा बंद पडू द्यायच्या नाहीत, आणि लागलं तर लढणाऱ्या सैन्याला युनिटं पुरवायची. १९६२, १९६५, १९७१ ह्या तिन्ही युद्धांत टीएची युनिटं होती.

अत्यावश्यक सेवा म्हणजे काय हे मुंबईकराला १९७४ च्या रेल्वे संपावरून चटकन कळेल. जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे थांबली, तेव्हा गाड्या चालू ठेवायला सरकारने रेल्वेची टीए युनिटं बोलावली होती. ह्या युनिटांतले लोक रेल्वेचेच कर्मचारी. अशा युनिटांना खात्याची, म्हणजे डिपार्टमेंटल युनिटं म्हणतात. रेल्वेसारखीच ती तेल कंपन्यांचीही आहेत आणि त्यांत त्या त्या खात्यातलेच लोक जातात. संप मोडायला गणवेश वापरावा का, हा वाद वेगळा आणि तो आमच्या घरात अजून जेवणाच्या ताटावर होतो, कारण वडील रेल्वेत होते. पण टीए कशासाठी राखलेली असते ते त्यावरून लख्ख दिसतं.

बाहेरून परीक्षा देऊन येणारे बहुतेक पायदळाच्या बटालियनमध्ये जातात. प्रत्येक बटालियन एखाद्या जुन्या रेजिमेंटशी जोडलेली असते. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीची १०१ क्रमांकाची टीए बटालियन पुण्याला आहे आणि १०९ कोल्हापूरला. शिवाय झाडं लावणारी युनिटं आहेत, हे ऐकून लोक हसतात. १९८२ मध्ये गढवाल रायफल्सशी जोडलेली पहिली इकॉलॉजिकल बटालियन उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी बोडके झालेले मसुरीकडचे डोंगर तिने पुन्हा हिरवे केले. तसलीच महार रेजिमेंटची १३६ बटालियन २०१७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. मराठवाड्यात रोपं जगवणं ही चेष्टा नाही.

निवड, आणि भोपाळची दुपार

पहिली पायरी लेखी परीक्षा. तर्कशक्ती, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण सरासरी ५० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. गणित दहावीच्या पातळीचं: काळ-काम-वेग, लसावि-मसावि, शेकडेवारी. सोपं वाटतं, पण पंधरा वर्षं एक्सेलने बेरजा केलेल्या माणसाला दोन नळ आणि एक गळकी टाकी किती घाम फोडते ते मला विचारा. मी विरार लोकलमध्ये उभ्याने त्याची तयारी केली. बोरिवलीपर्यंत चार गणितं होतात.

जागा किती? २०२३ च्या जाहिरातीत एकूण १९. पुरुष १८, महिला १. अख्ख्या देशातून.

त्या एका जागेमागेही मोठी कथा आहे. बरीच वर्षं बायकांना फक्त खात्यांच्या युनिटांत जाता येत होतं, पायदळात नाही. २०१८ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या सहाव्या कलमात 'कोणतीही व्यक्ती' असं म्हटलंय, तर त्या व्यक्तीत बाई आणि पुरुष दोघं येतात. इतकी साधी गोष्ट कळायला १९४८ पासून सत्तर वर्षं. आणि कळल्यावर जागा एक.

लेखी पार झाली की प्राथमिक मुलाखत मंडळ, ज्याला पीआयबी म्हणतात. टीएची गट मुख्यालयं लष्कराच्या कमांडप्रमाणे आहेत, आपल्या दक्षिण कमांडचं पुण्याला. इथे बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. मंडळातल्या कर्नलसाहेबांनी विचारलं, "तुमचं ऑफिस तुम्हाला दरवर्षी दोन महिने सोडेल? कुणाला विचारलंत?" मी म्हटलं, सर, विचारलेलं नाही, पण सोडतील. ते शेजारच्यांकडे बघून हसले. तरी मी पास झालो, का ते अजून कळलेलं नाही.

मग एसएसबी, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. हे तेच, जिथून सैन्याचे बहुतेक सगळे अधिकारी निघतात. टीएवाल्यांसाठी सोपं केलेलं नाही. पाच दिवसांचा मुक्काम असतो. तीन वेगवेगळे अधिकारी तीन बाजूंनी तुम्हाला बघतात आणि शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा बोलणं ऐकतो, आणि जीटीओ म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर मैदानावर हातपाय कसे चालतात ते पाहतो. तिथले लोक ह्याला मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात, आणि ह्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. तिन्हींत एकच माणूस दिसला पाहिजे. म्हणून पाठ केलेली उत्तरं तिथे फसतात. पंधरा सेकंदाला एक असे साठ शब्द दाखवतात आणि मनात येईल ते वाक्य लिहायचं असतं. पंधरा सेकंदांत कुणाला सोंग आणता येतं? नंतर अर्ध्या तासात साठ प्रसंग: गाडी चुकली, मित्र बुडतोय, साहेब रागावलाय, काय कराल? कोचिंग क्लासवाले ह्याचीही उत्तरं विकतात. घेऊ नका.

माझं सगळं ह्याच्या अलीकडेच आटपलं. पहिल्या दिवशी चाळणी असते. भोपाळला स्टेशनवरून बसने नेलं, छातीवर नंबराचं कापड बांधलं, मला २३ मिळाला. माझ्या गटात एक दातांचा डॉक्टर होता, एक बँकवाला, एक शाळामास्तर, सगळे तिशी उलटलेले, टकलाकडे झुकलेले, आणि सगळे शाळेच्या पहिल्या दिवसासारखे बसलेले. बुद्धिमत्ता चाचणी झाली. मग एक धूसर चित्र पडद्यावर तीस सेकंद दाखवलं. दोनतीन माणसं, मागे काहीतरी उभं, खांब किंवा झाड. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मला अर्थातच रेल्वेचा फलाट दिसला. इतरांना पूर दिसला, शाळा दिसली, जत्रा दिसली. ह्याने काही बिघडत नाही. पुढे प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि मग गटाने मिळून एकच गोष्ट ठरवायची.

खरी मेख इथे होती. चर्चा सुरू होताच सगळे एकदम बोलू लागले. मी सोसायटीच्या वार्षिक सभेत वागतो तसा वागलो. म्हणजे समोरच्याचं संपू दे, मग आपण बोलू. समोरच्याचं संपलं नाही. एकदा मी "मला वाटतं" इतकं म्हणालो, तेवढ्यात शाळामास्तरांनी पूर पुढे रेटला. दुपारी नंबर वाचले. २१, २२, २४.

परतीचं भाडं सही करून घेतलं आणि पंजाब मेलने निघालो. कल्याण आलं तेव्हा सकाळ होत होती आणि शेजारचा पॅसेंजर विचारत होता, "काय, लग्नाला गेला होता का?" तर सांगायचं हे की तिथे आरडाओरडा करणारे निवडले जातात असं मुळीच नाही, शाळामास्तरांचाही नंबर आला नाही. दंतवैद्य निवडला गेला. तो दोनच वेळा बोलला होता, पण दुसऱ्यांदा म्हणाला, "फलाट आणि पूर दोन्ही असू शकतं, फलाटावर पाणी भरलंय," आणि सगळे गप्प झाले. माझाच फलाट त्याने वापरला. मुंबईत राहून मला ते सुचू नये!

एसएसबीनंतर लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, मग पोलिस पडताळणी, मग गुणवत्ता यादी. त्याबद्दल एवढंच सांगतो की दात, कान आणि डोळ्यांचा नंबर फॉर्म भरायच्या आधी तपासून घ्या, उगाच शेवटच्या पायरीवर घसरू नका.

चोवीस महिन्यांतले आठ

आता मुख्य हिशेब, जो भाच्याला मी कागदावर करून दाखवला. कमिशन मिळाल्यावर पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण. दरवर्षी दोन महिने वार्षिक प्रशिक्षण शिबिर, पहिलं वर्षही त्यात धरून. आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण. बेरीज करा. एक, दोन, दोन, तीन. चोवीस महिन्यांतले आठ.

आता मुंबईतल्या खासगी ऑफिसातली रजा बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा. साठवता येते पंचेचाळीस दिवसांपर्यंत. चांगल्या कंपन्या जास्त देतात, तरी साठ कुणी देत नाही. तेव्हा हे रजेतून भागणारं प्रकरण नाही.

इथे १९४८ चा कायदा मदतीला येतो. टीएच्या सेवेसाठी गेलेल्या माणसाला ती संपल्यावर परत कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे, आणि गेलेल्या काळात त्याचे भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क बुडता कामा नयेत अशीही तरतूद आहे. कागदावर हे भक्कम आहे. व्यवहारात, कायद्याचं कलम दाखवून साहेबाला गप्प करता येतं, पण त्यानंतरच्या मार्चमध्ये बढतीची यादी तोच साहेब करतो. आमचे टीएवाले साहेब कॅम्पला जायच्या आधी तीन महिने टीमला कामं वाटून देत, परत आल्यावर सगळ्यांना कॅम्पच्या कँटीनमधली चॉकलेटं वाटत. त्यांना कधी अडचण आली नाही. दुसऱ्या एका ऑफिसातल्या ओळखीच्याला मात्र "तुझं मन इथे नाही" असं ऐकवून वर्षभर कोपऱ्यात बसवलं होतं. तेव्हा पीआयबीतल्या कर्नलचा प्रश्न मंडळासमोर जाण्यापूर्वी ऑफिसात विचारून घ्या, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

पैशाचं म्हणाल तर गणवेशातल्या दिवसांचा पगार नेहमीच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याइतकाच. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० पासून सुरू होतो, वर लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि महागाई भत्ता. गणवेशात नसाल त्या महिन्यांचं काही नाही. निवृत्तिवेतन मिळावं म्हणून टीएत जाणार असाल तर सरळ विसरा. प्रत्यक्ष गणवेशातल्या सेवेची बेरीज २० वर्षं झाली तरच ते मिळतं, आणि वर्षाला दोन महिन्यांच्या वेगाने ती व्हायला एकशेवीस वर्षं लागतील. बढत्या मात्र होतात. लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठरावीक काळाने, अटी पुऱ्या केल्या की. पुढे कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीने.

'पार्टटाइम'चा खरा अर्थ

हा शब्द फसवा आहे, आणि भाच्याला सगळ्यांत जास्त वेळ मी हेच समजावत बसलो. पार्टटाइम तुमच्या बाजूने. सरकारच्या बाजूने नाही.

कायद्यात बोलावण्याचे तीन प्रकार आहेत. प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्याला बोलावलं तर 'कॉल आउट'. प्रशिक्षणासाठी किंवा नेहमीच्या सैन्याच्या जोडीला उभं केलं तर 'एम्बॉडी'. आणि नेहमीच्या सैन्याच्या एखाद्या युनिटला जोडलं तर 'अटॅच'. युनिट एम्बॉडी झालं की तुम्ही पूर्ण सैनिक, लष्करी कायदा लागू, आणि किती दिवस हे तुम्ही ठरवत नाही. देशाच्या सीमेबाहेर मात्र केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय पाठवता येत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०२५ चा मे महिना आठवा. ६ मेच्या अधिसूचनेने केंद्र सरकारने टीए नियमांतल्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना अधिकार दिले, की टीएतल्या हरेक अधिकाऱ्याला आणि जवानाला पहाऱ्यासाठी किंवा सैन्याच्या जोडीला बोलावता येईल. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायच्या होत्या. मुदत, १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. तीन वर्षं! त्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर 'धोनी सीमेवर' असले निरोप फिरत होते. माझ्या डोक्यात तो दंतवैद्य होता. त्याच्या दवाखान्यात कुणाचा तरी रूट कॅनाल अर्धा राहिला असेल.

भाच्याने हे सगळं ऐकलं आणि उठून स्वयंपाकघरात गेला. ताई चहा गाळत होती. भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटत तो बोटाने आठवडे मोजू लागला. जुलै नको, प्रोजेक्ट संपतो. मार्च नको, अप्रेझल. मे महिन्यात बायकोच्या बहिणीचं लग्न. मोजत मोजत ऑगस्टवर आला आणि थांबला. ताईने गाळणं न ठेवताच मागे वळून बघितलं.

"गणपतीत नाही हां," ती म्हणाली.

"आई, तारखा ते ठरवतात. मी नाही."

"मग त्यांना विचार," ताई म्हणाली, आणि मला म्हणाली, "तू काय भरवलंस रे ह्याच्या डोक्यात?" मी बशीत चहा ओतला. तो अजून पानं उलटतच होता, ह्या वेळी मागून पुढे.